पळायचं नाही

थोरलीने आपला डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन आपटला. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या. लांबलचक टेबलाशी धाकटी एकटी उरली, पहिला घास हातातच.

दोघी सख्ख्या नव्हेत, नात्यातल्याही नव्हेत. एकाच दिवशी या गोदामात लागल्या, फळ्यांवरचा माल काढून खोक्यांत भरायला एकाच रांगेत उभ्या राहिल्या, म्हणून लोकांनी त्यांना थोरली-धाकटी करून टाकलं होतं.

गोदामाचा मालक कोण, ते कोणी पाहिलं नव्हतं. असेल कुठेतरी, किंवा हजार ठिकाणी थोडा थोडा असेल. हुकूम चालायचा तो मनगटावरच्या यंत्राचा. कुठली वस्तू काढायची, किती वेळात काढायची, सगळं तेच सांगायचं. माणूस मागे पडला की लाल व्हायचं. आणि मोठं चतुर यंत्र ते! जो सगळ्यांत जास्त पळेल, त्याची चाल सगळ्यांच्या गळ्यात बांधायचं. म्हणून थोरलीने सगळ्यांना शपथ घातली होती, पळायचं नाही. अंगात कितीही रग असली तरी काकांच्या बरोबरीने चालायचं. काका सगळ्यांत म्हातारे, गुडघे गेलेले. खालच्या फळीशी वाकले की उठताना फळीलाच म्हणायचे, "धर गं बाई मला." सगळे हसायचे आणि त्यांच्यासाठी थांबायचे.

बरे दिवस चालले होते. एका सोमवारी चाल वाढली. भिंतीवरच्या पडद्यावर धाकटीचा नंबर झळकला, शेजारी सोनेरी तारा.

"कंपनी कोणावर जबरदस्ती करत नाही," सुपरवायझर गोड हसून म्हणाला. "तुमच्यातल्याच एकीने करून दाखवलंय."

काकांचं यंत्र आठवडाभर लालच राहिलं. मग त्यांचं कार्ड काढून घेतलं. जाताना थोरलीला म्हणाले, "असू दे गं, गुडघ्यांना तरी सुटी." थोरलीचा जीव तुटला.

परक्याने केलं असतं तर ती दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. हिने केसाने गळा कापला होता. हिच्यासाठी आपण काय नाही केलं? सेलच्या रविवारी हिच्या पोराला ताप चढला. रजा संपलेल्या, आणखी एक खाडा झाला की नाव कटणार. तेव्हा स्वतःच्या सुटीवर पाणी सोडून, हिचं कार्ड घेऊन, हिच्या जागी कोण उभं राहिलं? भुवयांपर्यंत टोपी, तोंडाला मास्क, आणि गेट ओळखतं ते कार्डाला, माणसाला नाही, म्हणून निभावलं. सापडलो असतो तर त्याच पावली घरी. दुसऱ्याच्या कार्डावर काम करणाऱ्याला इथे माफी नाही. पुढे दोन दिवस पिंडऱ्या चोळत बसलो होतो आपण. आणि या बाईसाहेब आपल्या पाठीमागे बढतीसाठी पळतायत! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

थोरलीने घास परत डब्यात टाकला. ती उठून धाकटीसमोर जाऊन उभी राहिली.

"एवढंच सांग. पळालीस की नाही?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे बघितलं.

"नंबर माझाच आहे, ताई. मी काय सांगू?"

"लाज नाही वाटली? काकांचं तोंड नाही आठवलं?"

धाकटी ताकास तूर लागू देईना. डब्याचं झाकण लावत एवढंच म्हणाली, "तू जेव, ताई. वेळ संपेल."

त्यानंतर तिच्याशी कोणी बोललं नाही. तिच्या कपाटावर कोणीतरी खडूने 'घरभेदी' असं लिहिलं. थोरली येता-जाता ते वाचायची. पुसलं मात्र नाही.

मग एक दिवस धाकटी आलीच नाही. दुपारी सुपरवायझरने थोरलीला बाजूला बोलावलं.

"तुमची मैत्रीण वेडी आहे. नव्या लोकांना शिकवायची जागा देत होतो. पगार जास्त, काम बसून. तर कार्ड टेबलावर ठेवून निघून गेली."

"पाप पचलं नसेल," थोरली म्हणाली. म्हणताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

"पाप कसलं? बिचारी एकच दिवस तर पळाली. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. सेलचा रविवार. तुमची नेमकी सुटी होती, नाहीतर बघितलं असतंत. काय पळाली!"

थोरलीने शेजारची फळी धरली. पोरीच्या नावावर एक खोकंही कमी पडायला नको, म्हणून त्या दिवशी केलेली धावाधाव तिच्या पायांना आधी आठवली. पाणी प्यायलाही ती थांबली नव्हती. आता मनगटावरचं यंत्र लाल झालं होतं आणि सुपरवायझर आपल्याच नादात बोलत होता.

"मी विचारलंसुद्धा तिला, त्या दिवशी एवढं काय अंगात आलं होतं? तर म्हणते, 'आपल्या माणसासाठी माणूस पळतंच, साहेब.' तुम्हाला तरी कळतंय का काही?"