झुंबरबाईचं सोंग

"तू निस्तं म्हणायचं, माज्या छातीत गाठ हाय," निवृत्तीनं दवाखान्याच्या पायरीवर आईला पुन्हा बजावलं. "कवापासनं, इचारलं, तर दिवाळीपासनं म्हण."

झुंबरबाईनं मान डोलावली.

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात बायकांची गर्दी होती. निवृत्ती खांद्यावरचा टॉवेल छातीवर ओढून भिंतीला टेकला. हल्ली तो टॉवेलशिवाय चार माणसांत येत नसे.

वडिवळ्याचा हा गडी लोणावळ्याला रेल्वे यार्डात हंगामी खलाशी होता. काम सुटलं की व्यायामशाळेत घाम गाळायचा. एकोणऐंशी सालच्या जिल्हा शरीरसौष्ठव स्पर्धेत पहिला आलास तर तुला कायम करतो, असा साहेबाचा शब्द होता. व्यायामशाळेतल्या अंबाजीनं मुंबईहून इंजेक्शनं आणून दिली. दंड फुगले, मांड्या भरल्या. आणि मग छातीत दोन्हीकडं गाठी धरल्या. सदरा घासला तरी कळ यायची. छाती बाईसारखी दिसायला लागली.

"त्या औषधाचंच अंगात बायकी हार्मोन होतंय," अंबाजी म्हणाला. "ते अडवायची नवी गोळी निघालीया. पर ती बायकांच्या छातीच्या रोगावर देत्यात. बाप्याला कोन देनार?"

बाप लहानपणीच गेलेला. सांगायला आईशिवाय होतं कोण? तो तिच्यापुढं ढसाढसा रडला. विहीर जवळ करतो म्हणाला. झुंबरबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मी जाते डाक्टरकडं," शेवटी ती म्हणाली.

आता पडद्यामागं तिला फार वेळ लागला. बाहेर आली ती पदर घट्ट लपेटून. हातात गोळ्या होत्या.

"संशय न्हाई ना आला?"

"म्हातारीवर कोन संशय घेतंय?" ती हसली. "चल, गाडी चुकंल."

रोज सकाळी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि त्यानं गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. गोळ्या सरत आल्या की एकटीच पुण्याला जायची.

"आये, तू तमाशात जायला पायजे हुतंस," निवृत्ती थट्टेनं म्हणायचा. "काय सोंग वठवतीस!"

गाठी हळूहळू विरघळल्या. छाती सपाट, दगडासारखी झाली. त्या वर्षी झुंबरबाई भातलावणीला उतरली नाही. कंबर धरलीय म्हणाली. वय झालं, असं निवृत्तीला वाटलं.

स्पर्धेत तो पहिला आला. नोकरी कायम झाली. कप घेऊन घरी आला तेव्हा आईनं त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. इंजेक्शनं त्यानं त्याच दिवशी सोडली. गोळ्यांचीही गरज उरली नाही.

पुढं थंडीत झुंबरबाईनं अंथरूण धरलं. पाठीची हाडं ठणकायची, खोकला थांबेना. गावच्या औषधानं उतार पडेना, तेव्हा निवृत्तीनं तिला त्याच दवाखान्यात आणलं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच तिला तपासून आत निजवलं. त्या बाहेर येताच निवृत्तीनं हात जोडले. खोट्या दुखण्यापायी खरं दुखणं राहून जाईल, ही त्याला धास्ती.

"बाई, त्या गोळ्या मी खाल्ल्या. आयेला गाठबीठ काय नव्हती. म्याच तिला खोटं बोलाया लावलं. आता तिला दुसरंच काय तरी झालंय, तेवढं बघा."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग बाकावर त्याच्या शेजारी बसल्या.

"गाठ पहिल्याच दिवशी माझ्या हाताला लागली होती. ऑपरेशनला त्या तयार होईनात. मी बजावलं, मग या गोळ्यांवरच तुमचा जीव आहे, एकही चुकवू नका. हो म्हणाल्या. आणि जाता जाता विचारलं, 'ह्या बाप्यानं खाल्ल्या तर त्याला काय अपाय न्हाई ना व्हनार?'"