अर्ध्यावरची मुलाखत

"कॉलेजातलं सायकॉलॉजी मायनर सोडू का?" रविवारी सकाळी लोचो खाता खाता केतकीने विचारलं. "थिअरी डोक्यावरून जाते. मजा येते ती फक्त मुलाखतीत."

मुलाखत म्हणजे त्या विषयाचा गृहपाठ: घरातल्या एका मोठ्या माणसाला दर रविवारी बोलतं करायचं आणि मध्ये न बोलता ऐकायचं. तिने मुद्दाम घुम्या बाबांना निवडलं होतं.

इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसलेले बाबा हिरमुसले. "सोड की. माझी गोष्ट तशीही आत्ताशी अमळनेर सोडून सुरत स्टेशनवर उतरलीय."

स्वयंपाकघरातून आई झारा घेऊनच बाहेर आली.

"काही सोडायचं नाही! इतके रविवार आतून कान देऊन ऐकतेय मी. अजून ह्यांना माझं स्थळ सांगून आलेलं नाही!"