हातभर डंपर

लकव्याने बाबांची वाचा गेली आणि त्यांना काय हवं, काय नको, ते हेतलला कळेनासं झालं. त्यांचा जन्म कोन गावात डंपरवर क्लीनर म्हणून गेलेला. म्हणून तिने खेळण्यातल्या ठोकळ्यांचा हातभर डंपर रचला, चालायला एक मोटर, हौदा उचलायला दुसरी. टेबलावर ती रिमोटने तो मागे घेताना चाक कडेला आलं, तशी बाबांनी टेबलावर एक थाप मारली. थांब! तिने डंपर पुढे घेऊन सरळ केला. दोन थापा पडल्या. जाऊ दे! क्लीनर गाडीच्या पत्र्यावर मारतात, अगदी तशाच.

हेतल रिमोट ठेवून त्यांच्यापुढे बसली.

"बाबा, मी रोज भरवते ती पेज तुमाला आवडते ना?"

एकच थाप पडली. एवढी जोराची, की डंपरचा हौदा निखळला.