सहा डिस्कवरची मोकळी जागा

सहाही डिस्क जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या. पहिली एक्याऐंशी टक्के, शेवटची त्र्याऐंशी.

"दीड वर्षात?" अक्षताने आकडे पुन्हा वाचले. "सर, आपल्या लॅबचं काम बघता तीसच्या वर जायला नको होत्या."

"म्हणून तर ट्रिम चालू करायचंय," लॅबचे मालक विद्याधर सर म्हणाले. "आजच. चार वाजता रक्ताचं कलेक्शन थांबलं की लगेच."

मुलुंडच्या त्या पॅथॉलॉजी लॅबचे सगळे रिपोर्ट या सहा डिस्कवर होते. एक गेली तर बाकीच्या पाच सांभाळून घेतील, अशी रचना. पण सहाही एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. जातील तर एकत्रच जातील, ही भीती होती.

झिजण्याचं कारण अक्षतानेच शोधलं होतं. फाइल डिलीट केली की सर्व्हर तिचं नाव यादीतून काढायचा, पण डिस्क जोडणारं जुनं कार्ड ही खबर डिस्कपर्यंत पोचवतच नव्हतं. डिस्कच्या लेखी काहीच डिलीट झालेलं नव्हतं. नव्या मजकुराला जागा करताना ती हा मेलेला मजकूरही जपून इकडून तिकडे हलवायची, आणि प्रत्येक हलवाहलवीत थोडी झिजायची. मरोळच्या पुरवठादाराने कालच नवं कार्ड बसवलं होतं. आता ट्रिमची एक कमांड दिली, की कुठल्या जागा खरंच मोकळ्या आहेत हे डिस्कना कळणार होतं.

"पण त्यानंतर डिलीट केलेलं काहीच परत मिळणार नाही हं, सर."

"मग डिलीट कशाला करतात?" सर हसले. दाराशी जाऊन थांबले. "अक्षता, जुनं उकरत बसू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

ते गेल्यावर तिने दार लावलं आणि नंदा मावशींना फोन केला.

दोन महिन्यांपूर्वी, लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायला अक्षता रुजू झाली त्याच आठवड्यात, दोन पेशंटच्या रिपोर्टची अदलाबदल झाली होती. साखर चारशेच्या वर गेलेल्या एका आजोबांच्या हाती नॉर्मल रिपोर्ट पडला. ते आठ दिवस आयसीयूत होते. रक्त नंदा मावशींनी घेतलं होतं, ट्यूबवर लेबलं त्यांनीच लावली होती. बावीस वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. कोणी, कधी, काय केलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. पण नेमक्या त्या दिवसाची फाइल सर्व्हरवर नव्हती. 'खराब झाली,' असं सर म्हणाले होते.

खराब झालेली फाइल यादीत तरी दिसते. ही यादीतही नव्हती.

"मावशी, माझ्याकडे दीड तास आहे. ती फाइल कोणीतरी डिलीट केलीय. मजकूर अजून डिस्कवर असणार. शोधते मी."

"माझ्या हातान चूक झालेली नाय गो. नाव इचारल्याशिवाय सुई लावणय नाय मी."

"माहितीय मला."

"तुका कसा माहीत? तेव्हा तू नवीन होतंस."

"नवीन होते, आंधळी नव्हते. सॉफ्टवेअर शिकवायला तुम्हीच शेजारी बसला होतात ना? सरावाच्या प्रतीवर दहा वेळा ट्यूबची एंट्री करून घेतलीत, बदलून घेतलीत माझ्याकडून."

मावशी हसल्या. मग हसू विरलं. "भांडुपात पाच लॅब फिरलंय. नाव ऐकल्यार चहा देतत. काम देणत नाय."

अक्षताने शोध लावला. यादीत नसलेली प्रत्येक जागा वाचायची, त्या तारखेचा मजकूर दिसला की दाखवायचा. कॉपी करून ठेवण्याइतकी दुसरी डिस्क नव्हती, म्हणून फक्त स्क्रीनवर.

पाऊण तास कचराच येत राहिला. जुन्या पावत्या, अर्धवट फोटो, कुणाचं तरी थायरॉइड.

तीन एकतीसला पहिला तुकडा सापडला.

११:०९, ट्यूब ४१७, वापरणारा: नंदा, नाव तपासलं.
११:१०, ट्यूब ४१८, वापरणारा: नंदा, नाव तपासलं.

दोन्ही बरोबर. मावशी खऱ्या होत्या. अक्षता एकटीच मोठ्याने "येस!" म्हणाली. खालच्या ओळीत फक्त एवढंच होतं:

११:४२, ४१७ व ४१८ यांची अदलाबदल, वापरणारा:

तिथे तुकडा संपत होता. उरलेला मजकूर डिस्कवर दुसऱ्याच कुठल्या तरी जागेत पडला असणार. त्यात कोणाचं नाव असेल, याची तिला खात्री होती. सर्व्हरवरून फाइल काढायची परवानगी लॅबमध्ये एकाच माणसाला होती, सरांना. तिने शोध पुन्हा लावला, आणि सरांसमोर कोणत्या शब्दांत बोलायचं हे ठरवू लागली. आधी मावशींना बोलवायचं. त्यांच्यासमोरच बोलायचं.

तीन त्रेपन्नला दुसरा तुकडा आला. तिने तो वाचला. मग अक्षरं मोठी करून वाचला.

अक्षता. कारण: सराव.

सरावाच्या प्रतीची स्क्रीनवरची खिडकी निळी होती. खऱ्या सॉफ्टवेअरची खिडकीही निळीच होती. 'तुझ्याच भल्यासाठी,' असं सर म्हणाले होते.

बाहेर कोणीतरी कलेक्शनचं शटर खाली ओढलं. फोन वाजला.

"काय गो," नंदा मावशी म्हणाल्या, "गावला काय?"

अक्षताने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"नाही, मावशी. तिथे काहीच उरलेलं नाही," ती म्हणाली, आणि ट्रिमची कमांड दिली.