फाटकावरची बाई

नेपाळी बायकांच्या कामावर संशोधन करणाऱ्या मॅडमनी वहीतून मान वर करून विचारलं, "बायको काय करते तुमची?"

"काही नाही. घरीच असते," रात्रपाळी करून आलेला टेकबहादूर अंथरुणावरूनच म्हणाला. मॅडमनी 'गृहिणी' लिहिलं.

पाण्याची मोटर बंद करून जिन्याखालच्या खोलीत शिरणाऱ्या दिलमायाने ते ऐकलं. सोसायटीच्या कागदावर वॉचमन एकटा नवरा होता, पण बारा वर्षं दिवसभर फाटक सांभाळत होती ती.

"मॅडम, मीपण वॉचमन आहे. तसं लिहा."

टेकबहादूर हसला. "मला मदत करते हो, एवढंच."

"तुम्ही घोरता तेव्हा कोणाला मदत करते मी?"

बाहेर सेक्रेटरींच्या गाडीचा हॉर्न वाजला. दिलमाया सवयीने दारापर्यंत गेली, थबकली आणि परत येऊन मॅडमसमोर मांडी घालून बसली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"अगं जा, साहेब चिडतील."

"चिडू देत. मी घरीच असते ना?"

टेकबहादूर बनियनवरच फाटकाकडे धावला. मॅडमनी 'गृहिणी' खोडून 'वॉचमन' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आता त्यांच्या नावापुढे," दिलमाया म्हणाली, "फक्त रात्रीचा, असं लिहा."