पेचियम्माचा रगडा

रिटायर झालं की महिन्याभरात चाळीतली खोली रिकामी करायची, हा आमच्या मुन्नारच्या मळ्याचा नियम. चाळीस वर्षं चहा खुडलेली पेचियम्मा मुकाट बाहेर पडली. तिच्या आईचा दगडी रगडा तेवढा जड म्हणून मागे राहिला.

मालकाने निर्लज्जपणे त्याच खोलीला रंग फासून 'मजुराचं घर' नावाचं प्रेक्षणीय स्थळ केलं. धबधबा बघून झाला की पर्यटक आमची गरिबी बघायला येतात.

काल पेचियम्मा भाच्याची जीप घेऊन आली. "मिक्सरच्या पिठाची कसली रे इडली? माझा रगडा नेते मी," म्हणत तिने आडवी दोरी ओलांडली आणि रगड्याला हात घातला.

नवा पहारेकरी धावत आला.



"ए म्हातारे, हात काढ! खऱ्या मजूर बाईची वस्तू आहे ती!"