पास, पुढची

एक नंबरची बरणी वळणावरच्या डोहात थांबली, आणि बहिणीने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

बाकीचे तीन ठिपके प्रवाहाबरोबर गुमान घराच्या दिशेने खाली येत होते. साध्या प्लास्टिकच्या बरण्या, आत स्वस्तातलं यंत्र, बुडातून लोंबणारा वायरीचा तापमापक. नदीत सोडल्या की पाणी कुठून कसं वाहतंय ते त्या घरी कळवत. हे काम ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून करत. चार दिवसांपूर्वी बरण्या सोडतानाच भावाची होडी उलटली. आज तिने त्याच जागेवरून नव्या बरण्या सोडल्या होत्या, पाण्याने त्याला कुठे नेलं ते कळावं म्हणून. पाचवी गळकी निघाली; ती दाराबाहेर पायरीवर चालूच राहिली होती. बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण त्या घरात सध्या कुणी तोंडातून काढत नव्हतं. आई तर बोलतच नव्हती, नुसती मागे बसून होती.

शोधपथकाचा प्रमुख दारात उभा होता. माणूस भला, पण पार दमलेला.

"ताई, तो डोह आम्ही दोनदा पालथा घातलाय. आज अंधार पडला की शोध थांबवावा लागेल."

"तापमान बघा," ती म्हणाली.

नदीचं पाणी अठरा अंश होतं. एक नंबर पंचवीस दाखवत होती. मग तीस. मग सदतीस, आणि आकडा तिथेच टेकला.

"यंत्र बिघडलंय. स्वस्तातलं म्हटल्यावर चालायचंच."

"बिघडलं नाही," ती म्हणाली. "एकदा बघून या."

नवी बरणी तपासायची भावाची रीत घरात चेष्टेचा विषय होती. तापमापकाचं टोक काखेत धरून तो शहाण्या मुलासारखा गप्प बसून राही. आई दर वेळी विचारी, "ताप आलाय का रे बाळा?" स्क्रीनवर सदतीस दिसलं की तो म्हणे, "पास, पुढची." शेवटची पास झाली की हात धुऊन थेट जेवायला. या पाच तेवढ्या त्याच्याकडून तपासायच्या राहिल्या होत्या.

प्रमुख होडी घेऊन डोहावर गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ताई, बरणी मोकळीच तरंगतेय. कुठे अडकलेली नाही. खाली कुणी नाही. तापमापक गारठलाय."

स्क्रीनवर पुन्हा अठरा. तिला रडू फुटलं, चार दिवसांत पहिल्यांदा.

"परत फिरू का, ताई?"

ती हो म्हणणार होती. तेवढ्यात दोन नंबरचा ठिपका थांबला, भर प्रवाहात. आकडा चढत सदतीसवर गेला. मग ठिपका सुटला आणि वाहू लागला. थोडं खाली तीन नंबर थांबला. सदतीस. सुटला. चार नंबर थांबला तो घराच्या अगदी खाली, जिथे भाऊ होडी बांधायचा.

फोनमधून प्रमुख काहीतरी विचारत राहिला. तिचे डोळे आता पाच नंबरवर होते. बाहेर पायरीवरची हवा बावीस अंश. तेवीस झाली. सव्वीस. तीस.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आईने टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलं, शेजारी पाणी ठेवलं.

"शेवटचीच राहिली होती," आई म्हणाली, आणि दाराची कडी काढायला गेली.